दगडावरचा मायना : डेंडेरा ते फिले, सहा दिवस

सुरुवातीलाच सांगून टाकते, पिरॅमिड बघितले नाहीत. कैरोत फक्त विमानतळ बघितलं, तेही रात्री दीड वाजता अर्धवट झोपेत. घरी आल्यापासून जो तो विचारतोय, "काय गं, इजिप्तला जाऊन पिरॅमिड नाही?" आणि आमचे हे (पाटबंधारे खात्यातून रिटायर) दर वेळी "तिला भिंती वाचायच्या होत्या" एवढंच सांगून चहाच्या कपात तोंड घालतात.

तर भिंती. सासऱ्यांच्या ट्रंकेत मोडीतले कागद निघाले म्हणून मी मोडी शिकले, ते कागद वाचून संपले (निम्मी देणेकऱ्यांची यादी निघाली), पण शिकायची खाज काही गेली नाही, मग रविवारचा एक ऑनलाइन हायरोग्लिफ्सचा (प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा) वर्ग धरला. पहिली दोन वर्षं मध्य इजिप्शियन, म्हणजे आपली बाळबोध म्हणा. साडेसातशेच्या आसपास चिन्हं, घोटली की बसतात डोक्यात. मग शिकवणाऱ्यांनी टॉलेमिक काढलं, म्हणजे ग्रीक टॉलेमी राजांच्या आणि पुढे रोमन सम्राटांच्या काळात देवळांच्या भिंतींवर जे कोरलं गेलं ते. मला वाटलं दहावीनंतर अकरावी. कसली अकरावी! चिन्हं हजारांच्या घरात, एका चिन्हाचे चार-चार उच्चार, एका उच्चाराला दहा चिन्हं, आणि हे सगळं हौसेने, ठरवून केलेलं.

एकच उदाहरण देते म्हणजे कळेल. प्ताह नावाचा देव आहे. पूर्वी त्याचं नाव सरळ प, त, ह अशी तीन चिन्हं काढून लिहायचे. टॉलेमिक पुजारी काय करणार, तर वर आकाश काढणार, खाली जमीन काढणार आणि मध्ये हात वर करून आकाश पेलणारा एक माणूस. आकाश म्हणजे 'पेत', त्याचा प. जमीन म्हणजे 'ता', त्याचा त. तो माणूस म्हणजे 'हेह', त्याचा ह. झाला प्ताह! आणि वर चित्र बघाल तर आकाश-पृथ्वी वेगळी करणारा देव समोर उभाच आहे. म्हणजे नाव पण झालं आणि पुराण पण झालं. आपल्याकडे श्लेष साधला की शास्त्रीबुवा कसे मिशीत हसायचे, तसं हसू मला त्या चिन्हात दिसतं. तोवर रोजचा व्यवहार ग्रीक आणि डेमोटिकमध्ये (म्हणजे इजिप्शियनच, पण भरभर लिहायच्या लिपीत) चालायचा, ही लिपी देवळापुरती उरली होती, लिहिणारेही पुजारी आणि वाचणारेही पुजारीच, मग एकमेकांवर कडी करायला कोण अडवणार.

दोनदा सोडलं मी हे. त्यातून बहुतेक साहित्य जर्मन नाहीतर फ्रेंच. मग मोडीच्या सरांचं वाक्य आठवलं, "आधी अक्षर बघू नका, आधी मायना ओळखा." अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री हे एकदा पाठ असलं की ते अक्षर कितीही फराटेदार असो, आपल्याला कळतं इथे काय लिहिलेलं असणार, आणि त्यावरून त्या कारकुनाचं वळण लागतं. देवळांच्या भिंतींचं अगदी तसंच आहे. राजा काहीतरी देतो, देव बदल्यात काहीतरी देतो. राजा दारूचे कुंभ पुढे करणार, देव त्याला द्राक्षं पिकणारे प्रदेश देणार. वरती प्रसंगाचं नाव, मग राजाचं बोलणं, मग 'जेद मेदू', म्हणजे 'बोल ऐसे', आणि पुढे देवाची बिरुदं. जेद मेदू म्हणजे एक नाग आणि एक काठी. पहिल्याच रविवारी शिकलेलं ते.

म्हणून पैज अशी ठरली की प्रत्येक देवळात एक ओळ, पुस्तक न उघडता, फोनमध्ये न बघता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझी मी वाचायची. हे अंपायर. त्यांच्या खिशात छोटी वही, त्यात पास-नापास.

दिवस पहिला, लक्सर

विशेष काही नाही. पोचलो, झोपलो, संध्याकाळी नदीकाठी गेलो. जानेवारीत संध्याकाळी शाल लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. लक्सरचं देऊळ दिव्यांच्या उजेडात बघितलं, सुंदर आहे, पण त्यातलं बरंचसं लेखन जुन्या वळणाचं, माझ्या दृष्टीने बाळबोध, अंपायरनी ते मोजायला नकार दिला. रात्री कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा. उरलंसुरलं एकत्र केल्यासारखा प्रकार आहे पण दोन वाट्या कधी संपल्या कळलं नाही.

दिवस दुसरा, डेंडेरा

लक्सरहून उत्तरेला साठेक किलोमीटर, केना गावासमोर नदीच्या पलीकडे. गाडी ठरवूनच जा. बहुतेक लोक एकाच दिवसात अबायडॉस (तिथलं आणखी एक जुनं देऊळ) आणि डेंडेरा उरकतात, वाचायचं असेल तर तसं करू नका.

रस्ताभर ऊस! सांगलीची माणसं आम्ही, आम्हाला तर माहेरी आल्यासारखं झालं. उसाच्या बारक्या रेल्वेगाड्या, गाढवगाड्यांवर मोळ्या, रस्त्यात वाडं पडलेलं. ड्रायव्हरने एका टपरीवर नाश्त्याला थांबवलं, फूल म्हणजे शिजवून घोटलेले बाकल्याचे दाणे, तामेया म्हणजे त्याच दाण्यांची हिरवी भजी, उन्हात फुगवलेली जाड भाकर, त्याला ऐश शम्सी म्हणतात, आणि एका वाटीत काळं दाट काहीतरी. बोट बुडवून चाटलं तर काकवी! ते त्याला काळा मध म्हणतात आणि तिळाच्या ताहिनीत कालवून खातात. आमचे हे म्हणाले, परत चला आता, आणखी काय बघायचंय.

डेंडेराचं देऊळ हाथोर देवीचं. इ.स.पू. ५४ मध्ये बाराव्या टॉलेमीच्या वेळी सुरू झालं, पुढचा मोठा मंडप रोमन काळातला. चोवीस खांब, प्रत्येक खांबावर चारी दिशांना देवीचा चेहरा, गायीचे कान असलेला, आणि बरेचसे चेहरे नंतर कोणी कोणी छिन्नीने उडवलेले. वर बघितलं आणि मानच अडकली. छताची काजळी साफ केल्यामुळे निळा रंग असा काही उघडलाय की दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे हे मनाला पटत नाही.

आणि मग वाचायला गेले आणि साफ आपटले.

घरी पुस्तकात एक ओळ म्हणजे एक ओळ असते हो. इथे जमिनीपासून छतापर्यंत एक बोट जागा मोकळी नाही, उजेड एका बाजूने, आणि माझी उंची पाच फूट. एक प्रसंग निवडला, नाग-काठी सापडली, आणि मोठ्याने वाचायला लागले, "मी तुला देते..." चार शब्द गेल्यावर लक्षात आलं की मी राजाचं बोलणं देवीच्या तोंडी घालतेय. नियम साधा आहे, प्राण्यांची आणि माणसांची तोंडं ज्या बाजूला तिकडून वाचायला सुरुवात करायची. पण राजा आणि देवी समोरासमोर उभे, म्हणून राजाच्या ओळी एकीकडे तोंड करून आणि देवीच्या दुसरीकडे, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे मी सरळ सांधा ओलांडून पलीकडे गेले होते. वर्गात हे शंभरदा ऐकलेलं. नापास.

राजाचं नाव तरी वाचावं म्हटलं तर कार्टूशच (राजाचं नाव घालायच्या लांबट चौकटी) रिकामे! ओळीने कोरे. सांगतात असं की बारावा टॉलेमी इ.स.पू. ५१ मध्ये गेला आणि पुढे गादीची भांडणं, तेव्हा कोरणाऱ्यांनी नावाची जागा सोडून दिली. आमच्या अंपायरना हे लगेच पटलं. "बरोबर आहे, नवीन साहेब चार्ज घेईपर्यंत सहीची जागा कोरी ठेवायची."

मागच्या बाहेरच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सीझेरियन भरउन्हात उभे आहेत, तिचं नाव मी वाचलं, पण अक्षरं सुटी सुटी असतात त्यात, ते कोणालाही येतं म्हणून मार्क नाहीत.

तळघरात एक गाइड त्याच्या ग्रुपला त्या प्रसिद्ध चित्राबद्दल सांगत होता, कमळातून निघालेला साप, भोवती लांबट फुगा, आणि म्हणे हा विजेचा दिवा. अहो, बाजूलाच लिहिलंय की! हारसोमतुस देवाचं नाव, मूर्ती कशाची आणि किती उंच, सगळी नोंद आहे, देवस्थानच्या दागिन्यांच्या यादीसारखी. मी गप्प बसले, स्वतः नुकतीच नापास झालेली.

दिवस तिसरा, परत डेंडेरा

हा दिवस प्लॅनमध्ये नव्हता, राजांच्या दरीचा (लक्सरपलीकडच्या राजांच्या थडग्यांचा) होता. मी रात्री काही बोलले नाही पण चेहऱ्यावर दिसलं असावं. सकाळी हेच म्हणाले, "चल, काकवी खाऊन येऊ."

लवकर गेलो तर देवळात आम्ही, चिमण्या आणि एक म्हातारा राखणदार. या लोकांना गफीर म्हणतात. पायघोळ झगा, डोक्याला पांढरं फडकं. आदल्या दिवशी हाच "मॅडम, सीक्रेट रूम" करत मागे लागला होता म्हणून मी जरा अंतर ठेवून होते. पण मी एकाच भिंतीसमोर अर्धा तास वही घेऊन उभी राहिले तेव्हा तो जवळ आला, बघितलं, गेला, आणि एक फुटका आरसा घेऊन आला. दारातल्या उन्हात उभा राहून त्याने आरशाने ऊन आत टाकलं, तेही समोरून नाही, कडेने तिरपं, आणि काय सांगू, सपाट वाटणारी भिंत एकदम उठून आली. प्रत्येक कोरीव रेघेला सावली. त्याला वाचता येत नाही, पण कुठल्या चिन्हाला कुठून उजेड द्यायचा ते त्याला पक्कं माहीत.

(टीप: टॉर्च न्या आणि भिंतीला जवळजवळ चिकटवून कडेने मारा. समोरून मारला तर काही दिसत नाही. फोनने फोटो काढायला आम्हाला कुठेच पैसे पडले नाहीत.)

आणि मायना लागला. नाग, काठी. मग घराच्या चौकटीत ससाणा, म्हणजे हाथोर. महान. युनेतची स्वामिनी, युनेत म्हणजेच हे गाव, 'ता-युनेत'चं पुढे डेंडेरा झालं. मग रा देवाचा डोळा, आणि इथे मी आदल्या दिवशी अडले होते कारण मी डोळ्याचं चित्र शोधत होते आणि त्यांनी डोळ्याऐवजी सूर्यबिंब घेतलेला नाग काढलाय. आकाशाची स्वामिनी. आणि शेवटी सर्व देवांची राणी, त्यातला 'देव' म्हणजे चक्क तारा. पूर्वी देवाला एक झेंड्यासारखं चिन्ह असायचं, ह्यांनी तारा घेतला, का तर तारे म्हणजे देवच की.

एक ओळ, पंचवीस मिनिटं. पास.

आरसेवाल्या काकांनी हाताने विचारलं, काय लिहिलंय? मी वर बोट केलं, मूर्तीकडे बोट केलं, ड्रायव्हरकडून शिकलेल्या दोन शब्दांत जोडून दिलं, "सित्त अस्-समा", आकाशाची बाई. ते दोनदा स्वतःशीच म्हणाले, सित्त अस्-समा, आणि मग बक्षीस मागितलं. दिलं. मग आरशाचं वेगळं मागितलं. तेही दिलं. बक्षीस हा शब्द तिथेही बक्षीशच आहे, साबण साबूनच, दुकान दुक्कानच, त्यामुळे समजत नाही म्हणून सुटता येत नाही.

जाता जाता गच्चीवर जाऊन आलो. नवीन वर्षाला देवीची मूर्ती वळणाच्या जिन्याने वर न्यायचे, सूर्य दाखवायचे आणि सरळ जिन्याने खाली आणायचे, आणि जिन्याच्या भिंतींवर तीच मिरवणूक कोरलेली आहे, म्हणजे आपण चढतो तेव्हा पुजारी आपल्याबरोबर चढतात. वरच्या खोलीतलं राशिचक्र मात्र प्लास्टरची नक्कल. खरं १८२१ मध्ये छत कापून पॅरिसला नेलं.

दिवस चौथा, एस्ना

एस्नाचं देऊळ शोधायला मान वर नाही, खाली करावी लागते. बाजाराच्या मधोमध एक मोठा खड्डा, आणि नऊएक मीटर खाली देऊळ. आपली बारव उतरतो ना, तसं जिन्याने उतरायचं. गाव शतकानुशतकं वर वर चढत गेलं आणि खनुम देव खाली राहिला. उरलाय फक्त पुढचा मंडप, चोवीस खांब.

२०१८ पासून इजिप्तचं पुरातत्त्व खातं आणि जर्मनीतलं ट्युबिंगेन विद्यापीठ मिळून इथली काजळी आणि पक्ष्यांची घाण काढतायत. आम्ही घरी जुने फोटो बघून गेलेलो, काळेकुट्ट. प्रत्यक्षात पिवळा, लाल, निळा, हिरवा, पैठणीचं दुकान उघडावं तसं. गंमत म्हणजे काजळीखाली नुसत्या शाईने लिहिलेली, कधी कोरलीच न गेलेली नक्षत्रांची नावं निघाली. हे सगळे लेख सर्ज सोनरों या फ्रेंच माणसाने आयुष्य घालून उतरवले, त्यालाही ती दिसली नव्हती, कारण दिसणं शक्यच नव्हतं.

पण मी आले होते मगरींसाठी. समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, टोकांना, दोन स्तोत्रं आहेत. एक जवळजवळ सगळं मेंढ्यांच्या चिन्हांनी लिहिलेलं आणि दुसरं मगरींच्या. मगर, मगर, मगर, मगर. मधूनच एखादं वेगळं चिन्ह. प्रत्येक मगरीचा उच्चार वेगळा धरायचा! आपल्याकडे एकाच व्यंजनात अख्खा श्लोक रचायचे तो माज आठवा, हे त्याचं चित्ररूप. २००१ मध्ये क्रिस्टियान लाइट्झ या जर्मन अभ्यासकांनी या दोन्हींवर काम केलं, मी ते वाचून गेले होते आणि तरी समोर उभी राहिल्यावर मला फक्त मगरीच दिसल्या. तासभर. मान दुखली. मगरी माझ्याकडे बघत होत्या, मी मगरींकडे.

शेवटी एका खांबावर मेंढ्याच्या डोक्याचा देव बघून "खनुम" एवढं वाचलं. अंपायरनी सामना अनिर्णित दिला, मला ते दयाळूपणाचं वाटलं.

आता त्यांचा नंबर. एस्नाला नाईलवर १९०८ चा जुना बंधारा आहे आणि १९९० च्या दशकातला नवा. एक तास आम्ही तो बघितला. मला त्यात काय बघायचं कळलं नाही, तसं त्यांना मगरींमध्ये कळलं नसेल, फिट्टंफाट. नंतर बाजारात वकालत अल-गिद्दावी नावाची जुनी व्यापारी सराय बघितली, हल्लीच दुरुस्त केलीय, आणि एक तेलाचा घाणा, तिथे चक्क सॅलडच्या लेट्यूसच्या बियांचं तेल काढतात. लेट्यूस हे मिन देवाचं झाड, देवळांत त्याच्या मागे उभंच असतं चित्रात. बाटली घेतली. बॅगेत सांडली.

दिवस पाचवा, एडफू आणि कोम ओम्बो

पहाटे सामानासकट लक्सर सोडलं, रात्री असवानला मुक्काम. ट्रेननेही जाता येतं, पण एडफूचं स्टेशन नदीच्या पूर्वेला आणि देऊळ पश्चिमेला, पूल ओलांडून यावं लागतं, हे लक्षात ठेवा. गेटपाशी एका टांगेवाल्याने आमचं नसलेलं भाडं मागितलं आणि दहा मिनिटं वाद झाला, सोडा. महत्त्वाची टीप: सकाळी क्रूझच्या बोटी लागतात आणि हजारभर माणसं एकदम आत येतात. साडेदहाच्या सुमारास हॉर्न वाजल्यासारखी सगळी गायब होतात. तोपर्यंत बाहेर बसून करकदे, म्हणजे अंबाडीच्या जातीच्या लाल फुलांचं सरबत, प्यावं.

एडफू म्हणजे या लिपीची पंढरी, देऊळ होरस या ससाणा-देवाचं. २३ ऑगस्ट इ.स.पू. २३७, तिसऱ्या टॉलेमीचं दहावं वर्ष, त्या दिवशी पाया घातला, आणि इ.स.पू. ५७ ला सगळं पूर्ण. हे मला कुठल्या इतिहासकाराने नाही सांगितलं, देवळाच्या भिंतीवरच बांधकामाचा वृत्तांत आहे, तारखांसकट. १८६० मध्ये मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने वाळू उपसली तेव्हा छतावर लोकांची घरं होती. त्यानंतर फ्रेंचांनी, मुख्यतः एमिल शासिनाने, सगळ्या भिंती उतरवून चौदा खंड छापले. मी ज्यावर शिकले ती पानं म्हणजे ही भिंत. पुस्तकातला ओळखीचा उतारा अंगावर एवढा मोठा उभा राहिला की कसंतरीच झालं, परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न यावा आणि हात कापावा तसं.

आकडे कसे लिहितात ते इथे सांगते. आपल्या शिलालेखांत शक लिहिताना बाण म्हणजे ५, ऋषी म्हणजे ७, रंध्र म्हणजे ९ असं लिहायचे, ती भूतसंख्या. हे लोक तेच चित्रात करतात! तारा काढला की ५, कारण त्याला पाच टोकं. किरणं टाकणारा सूर्य काढला की ९, कारण 'चमकणे' आणि 'नऊ' यांचा उच्चार सारखा. आणि माणसाचं डोकं म्हणजे ७. का? दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, एक तोंड. आपण अख्ख्या देहाची नऊ दारं मोजली, त्यांनी मानेवर थांबून सात मोजली. वर्गात हे ऐकलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले होते, बाकीचे सगळे युरोपातले, त्यांना कळेना हिला काय झालं.

मंडपात उजव्या हाताला एक कोनाड्याएवढी खोली आहे, ग्रंथशाळा. पोथ्या गेल्या, पण कोणत्या पोथ्या होत्या ती यादी भिंतीवर राहिली, राजवाड्याच्या रक्षणाची पोथी, सूर्य-चंद्राचं येणंजाणं जाणण्याची पोथी. दारांच्या चौकटींवर पुजाऱ्यांना तंबी आहे, अशुद्ध येऊ नका, देवाच्या घरात खोटं बोलू नका. म्हणजे येत होते आणि बोलत होते, नाहीतर कोरायला कशाला लागलं असतं.

पश्चिमेच्या तटभिंतीवर आतून होरस आणि त्याचा वैरी सेथ यांची लढाई. सेथ म्हणजे पाणघोडा, आणि तो मुद्दाम पिल्लाएवढा काढलाय, न जाणो भिंतीतून बाहेर आला तर! शेवटी पिठाचा पाणघोडा करून कापतात. ह्यांना म्हटलं, पिष्टपशू. ते म्हणाले, हे बरं, खायलाही मिळतं.

माझी ओळ मी दाराच्या वर निवडली, पंख पसरलेल्या सूर्याखाली. बेहदेती (म्हणजे इथला होरसच), महान देव, आकाशाचा स्वामी, रंगीबेरंगी पिसांचा, क्षितिजातून बाहेर पडणारा. 'स्वामी'ला नेहमीच्या टोपलीऐवजी बसलेला स्फिंक्स, तो मी लांबूनच ओळखला. 'बाहेर पडणे' याला एका आडोशातून सरपटत निघणारा साप, आणि तोच साप आत शिरताना काढला की 'शिरणे'. असं सरळ, पोरासोरांना कळेल असं कोडं. चार मिनिटं लागली. अंपायरनी घड्याळ दोनदा बघितलं. पास.

कोम ओम्बोला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. गावाच्या आधीच मळीचा वास, साखर कारखाना! डोळे मिटले तर सांगलीच. देऊळ दोन देवांचं, मगर सोबेक आणि थोरला होरस, सगळं जोडीने. मगरींच्या ममी बघितल्या, शस्त्रक्रियेची म्हणतात ती हत्यारं बघितली, ह्यांनी पाण्याची पातळी मोजायची विहीर वाकून वाकून बघितली. ओळ वाचली नाही. थकले होते आणि पुरे झालं होतं.

दिवस सहावा, फिले

धक्क्यावर बोटीचा भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन आणि किती वेळ थांबणार ते धरून, आणि पैसे परत आल्यावर द्या. आमचा नावाडी नुबियन, म्हणजे इजिप्तच्या दक्षिण टोकाकडच्या लोकांपैकी, पन्नाशीचा. हे पाटबंधाऱ्याचे कळल्यावर त्याने हातानेच दाखवलं, आजोबांचं गाव, आणि हात पालथा करून खाली, पाण्यात. असवानचा पहिला बंधारा १९०२ चा, दोनदा वाढवला, मग मोठं धरण. साठच्या दशकात त्यांची माणसं कोम ओम्बोकडे नेऊन बसवली, आदल्या दिवशी आम्ही तिथूनच आलो होतो. ह्यांची नोकरीची पहिली वर्षं कोयनेच्या बाजूला गेलेली. बोट लागेपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत, मग ह्यांनी त्याला खिशातल्या आलेपाकाच्या वड्या दिल्या.

देऊळसुद्धा विस्थापितच आहे. वर्षातले कितीतरी महिने पाण्यात असायचं, म्हणून १९७० च्या दशकात दगड न् दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभं केलं, १९८० ला पुन्हा उघडलं. भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते. ह्यांनी तिथे हात ठेवून फोटो काढून घेतला.

इसिस देवीचं देऊळ देखणं आहे, पण मला जायचं होतं पश्चिमेच्या, रोमन सम्राट हेड्रियनच्या दाराशी. तिथे कुणी थांबत नाही. आतल्या भिंतीवर मांदुलिस या नुबियन देवाची एक ओबडधोबड आकृती, आणि बाजूला थोडंसं लिखाण, सुबक मुळीच नाही, घाईत किंवा सराव सुटलेल्या हाताने कोरलेलं. एडफूच्या त्या रेखीव अक्षरानंतर हे म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं कापरं पत्र. कोरणारा नेसमेतेराखेम, इसिसचा पुजारी. खाली डेमोटिकमध्ये तारीख आहे, ओसायरिसचा (इसिसच्या नवऱ्याचा) जन्मदिवस, वर्ष ११०, रोमन सम्राट डायोक्लिशनपासून मोजलेलं. म्हणजे २४ ऑगस्ट ३९४. त्यानंतरचा तारीख असलेला हायरोग्लिफिक लेख आजपर्यंत कुठेही मिळालेला नाही.

इथे मला मदत नको होती, मजकूर माहीतच होता. नेसमेतेरच्या मुलाने, सर्व काळासाठी, वगैरे. पण डोळे भरून आले आणि दिसेनासं झालं, मग चष्मा पुसत बसले. हे भिंतीजवळ गेले. टॉर्च काढला, काकांसारखा कडेने धरला, बोट न लावता हवेतच फिरवत राहिले, आणि एका ठिकाणी थांबले.

"अगं, ही तीच ना? नाग आणि काठी?"

तीच होती. जेद मेदू. मांदुलिसचं बोलणं तिथून सुरू होतं.

"बोल ऐसे," हे म्हणाले, आणि वही काढून स्वतःच्या नावापुढे पास लिहिलं. तेवढ्यात नावाड्याने धक्क्यावरून हाक मारली, ठरलेला वेळ संपला होता, त्याला जास्तीचे पन्नास पाउंड द्यावे लागले.